सुनेचा फोन स्पीकरवर

आमच्या गल्लीत कुणाचा फोन रुसला की तो माझ्याकडे येतो. मी इंजिनिअर नाही आणि माझं दुकानही नाही. सरकारी कचेरीत कारकून होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नोकरीच्या शेवटी शेवटी सगळं काम फोनवर आणि कॉम्प्युटरवर आलं. मी काही विचारलं की शेजारच्या टेबलावरची मुलगी आधी एक उसासा सोडायची आणि मग सांगायची. तो उसासा मला फार झोंबला. मग दोन महिने रोज घरी बसून फोनची एकेक सेटिंग उघडली, बिघडवली, पुन्हा नीट केली. मी तापट आहे असं सगळे म्हणतात. तापट माणूस हट्टाला पेटला की लवकर शिकतो, हे मात्र कुणी म्हणत नाही.

समोरच्या वहिनींना दोन दिवस मुलाचा फोन नव्हता. त्यांनी जेवण टाकलं, सुनेला बोल लावला, आणि शेवटी रडत माझ्याकडे आल्या. फोन विमानाच्या खुणेवर अडकला होता. कोपऱ्यावरच्या बाईंचा फोन बोलता बोलता काळाठिक्कर पडायचा आणि कट करता यायचा नाही. त्यांनी स्वस्तातली काच बसवून घेतली होती आणि ती वरच्या सेन्सरवर चढली होती. भजनी मंडळातली एक मोहोळची बाई घरी शेंगाचटणी करून विकते. तिनं कुणालाही फोन लावला की पलीकडे 'चटणीवाली मोहोळ' असं नाव उमटायचं, कारण गिऱ्हाइकांनी तिला तसंच साठवून ठेवलं होतं आणि एका ॲपनं ते गावभर केलं होतं. तिचं नाव त्या यादीतून काढायला मला अर्धा दिवस लागला. कर्ज हवंय का म्हणून छळणारे नंबर तर मी किती जणींच्या फोनवर अडवून दिले त्याला गणती नाही. जाताना प्रत्येकीला वर एक भाषणही देत असे, की बाई, आपलं फोनवरचं बोलणं म्हणजे आपल्या घरातली गोष्ट, ती चार लोकांच्या कानावर जाऊ देऊ नये.

आणि माझ्याच घरात एक फोन होता, ज्यावरचं प्रत्येक बोलणं मी रोज संध्याकाळी ऐकत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

फोन सुनेचा. ती अक्कलकोटच्या पुढच्या एका खेड्यातली, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. माहेरी सगळे कानडी बोलतात, मराठी शाळेत शिकलेली. नर्सिंगची दोन वर्षं झाली होती, शेवटचं वर्ष राहिलं होतं, तेव्हा आमच्याकडून सोयरीक गेली. पोरीच्या शिक्षणाचं काय, असं तिच्या वडिलांनी बैठकीत विचारलं होतं. मी म्हणाले होते, बघू की. 'बघू' हा शब्द आमच्या कचेरीत फायलीवर मारायचा शेरा होता. त्याचा अर्थ काय होतो ते मला पुरतं ठाऊक होतं.

माझा मुलगा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मागांच्या शेडमध्ये दिवसभर कापसाचे बारीक तंतू उडत असतात, केसांत बसतात, खिशात जातात. तीन वर्षं त्याचा फोन त्या खिशात राहिला. मग फोन कानाला लावला की पलीकडचं काहीच ऐकू येईना, इअरफोनची पिन आत जाईना, चार्जर वाकडा धरल्याशिवाय लागेना. त्यानं नवा घेतला आणि जुना लग्नानंतर बायकोला दिला. बऱ्याच घरांत हीच रीत आहे. नवा फोन कमावत्याचा, जुना सुनेचा. त्यामुळे तिला कुणाशीही बोलायचं झालं तर स्पीकर लावूनच बोलावं लागे. त्या फोनला तशीच सवय आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिनंही.

संध्याकाळी सातच्या सुमाराला तिच्या आईचा फोन यायचा. ती पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा करायची आणि भाकरी थापत थापत बोलायची. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मी टीव्ही लावून बसलेली. मायलेकींचं सगळं कानडीत चालायचं, आणि मला कानडी येत नाही असं ती समजत होती.

मला कानडी येतं. तरुणपणी अकरा वर्षं मी अक्कलकोटच्या कचेरीत खिडकीवर होते. रोज एसटीनं जायचे, एसटीनं यायचे. खिडकीपुढची निम्मी माणसं कानडीतच भांडायची, मग मीही कानडीत भांडायला शिकले. घरी मात्र ती भाषा कधी आणली नाही, कारण घरात ती कुणाला येत नव्हती. लग्नानंतर चौथ्या दिवशी सून आईला सांगत होती, की अत्ती चहात इतकी साखर घालतात की चमचा उभा राहील, आणि बातम्या बघताना टीव्हीतल्या माणसांशी भांडतात. अत्ती म्हणजे मी, मराठीत ती मला आत्या म्हणते. मला हसू फुटलं. तेव्हाच उठून कानडीत काहीतरी बोलले असते तर दोघीही हसलो असतो आणि विषय संपला असता. पण अजून काय म्हणते ते ऐकू, म्हणून गप्प बसले. दुसऱ्या दिवशीही गप्प बसले. पंधरा दिवस झाले आणि मग सांगायची सोयच राहिली नाही.

मला त्या संध्याकाळची चटक लागली हे कबूल केलं पाहिजे. साडेसहा वाजले की मी टीव्हीचा आवाज बारीक करायची. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा घरी येऊन जेवतो आणि झोपतो. माझ्याबद्दल कुणी इतकं बोलतंय हेच मला नवीन होतं. स्वभाव आंबट आहे पण हात सढळ आहे, असं एकदा तिनं म्हटलं तेव्हा तर मी दुसऱ्या दिवशी तिला साडी आणली.

मग एके दिवशी तिनं नर्सिंगचं काढलं. कॉलेजातून मैत्रिणीनं कळवलं होतं, की सुटलेलं शेवटचं वर्ष पुरं करायला पुन्हा प्रवेश मिळतोय, पण ह्या वर्षी घेतला नाही तर आधीची दोन वर्षंही वाया जातील. महिनाअखेरच्या शनिवारी शेवटची तारीख. आई म्हणाली, विचार की सासूला. ती म्हणाली, धीर होत नाही अव्वा. अत्ती नाही म्हणाल्या तर कायमचं नाहीच होईल. न विचारता निदान मनात तरी राहतं.

मी पुढच्या खोलीत हे सगळं ऐकलं. उठून आत जायला चार पावलं लागली असती. मी गेले नाही. स्वतःला सांगितलं, की तिनं आपल्याला सांगितलेलंच नाही, मग आपण कसं बोलायचं. खरी गोष्ट वेगळी होती. ती गेली की घर दिवसभर रिकामं. सकाळी कोण, दुपारी कोण. मला तिची सवय झाली होती आणि ती सवय मोडायची नव्हती. आणि तो फोन. गल्लीतल्या पन्नास जणींचे फोन साफ करून दिले होते मी. इअरपीसच्या जाळीत कापूस अडकलाय, दहा मिनिटांचं काम आहे, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी हात लावला नाही, कारण मला ऐकायचं होतं. माझ्या वयाच्या बाईनं हे लिहावं की नाही माहीत नाही, पण खरं तेच आहे.

शंका तिला कधी आली ते मला कळलं नाही. साडीमुळे आली असेल. एकदा आईशी बोलता बोलता तिला हुग्गीची आठवण आली होती आणि मी दोन दिवसांनी तीच खपली गव्हाची खीर केली होती, त्यामुळेही असेल. पोर हुशार आहे. एका संध्याकाळी त्यांच्याकडच्या शेळीला दोन करडं झाल्याचं बोलणं चाललं होतं. त्याच सुरात, आवाज जराही न बदलता ती कानडीत म्हणाली, की गॅसवरचं दूध आता उतू जाणार. मी चटकन उठून धावत आत गेले.

शेगडीवर काहीच नव्हतं. दूध फ्रीजमध्ये होतं. मी मोकळ्या शेगडीसमोर उभी, ती परातीपुढे बसलेली, हात पिठात. फोनमधून तिची आई हलो हलो करत होती. सून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती आठवत होती, आपण आजवर काय काय बोललो ते.

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवशीपासून तिचं आईशी बोलणं आटलं. रोज तेच. "आराम अदीनि, अव्वा." बरी आहे मी. जेवले. हो. नाही. ठेवते. तीन मिनिटांत फोन बंद. घरात ती पूर्वीसारखीच वागत होती, चहा देत होती, औषधाची आठवण करत होती. पण एका जागी ती मोकळी होती, ती जागा मी खाऊन टाकली होती. चटक लागलेल्या माणसाला शिक्षा म्हणून समोर रोज सुकी पोळी यावी, तसं मला त्या तीन मिनिटांचं झालं. शनिवार नऊ दिवसांवर आला होता.

पाचव्या दिवशी माझ्या फोनवर तिच्या आईचा फोन आला. मुलीच्या आईनं मुलीच्या सासूला आपणहून फोन करायचा म्हणजे किती अवघड, ते मला ठाऊक आहे. बाई मोडक्या मराठीत शब्द शोधत होती. पोरगी बोलंना झालीया, एवढं म्हणाली आणि पुढचा शब्द तिला सापडेना. मी ते ऐकत बसू शकले नाही. कानडीत म्हणाले, तुम्ही तुमच्या भाषेत बोला, मला कळतं.

तुम्हाला कानडी येतं, असं तिनं दोनदा विचारलं. तीही आठवत असणार. मला वाटलं, आता ही बोलेल, आणि बोलायलाच हवं. पण तिनं मला काही सुनावलं नाही. तारखेचं नाही, शिक्षणाचं नाही. तिनं एवढंच मागितलं, की पोरीला माझ्याशी मोकळं बोलू द्या. तेवढं केलंत तरी पुष्कळ.

फोन ठेवल्यावर माझे कान तापले होते. दुसऱ्या कुणी मला इतक्या हळू आवाजात असं बोलल्याचं आठवत नाही. त्या दुपारी मी जुना मऊ ब्रश घेतला, दातकोरणी घेतली, टॉर्च घेतला आणि सुनेला म्हणाले, फोन आण आणि इथं बस. ती बसली, पण लांब.

फोन बंद केला. तोंड खाली करून धरला म्हणजे घाण आत न जाता खाली पडते. ब्रशनं जाळी हळूहळू झाडली. आधी धूळ पडली, मग कापूस यायला लागला. पांढरा, गुलाबी, पोपटी. कारखान्यात ज्या ज्या रंगाचे टॉवेल निघाले ते सगळे रंग होते. चार्जिंगच्या आणि इअरफोनच्या भोकातून दातकोरणीनं बोंडंच्या बोंडं निघाली. वर्तमानपत्रावर छोटा ढीग झाला. ती जरा पुढं सरकून बघायला लागली.

फोन चालू करून मी सेटिंगमध्ये गेले, आणि तिथं माझा हात थांबला. मुलानं कारखान्याच्या ऑर्डरी लक्षात राहाव्यात म्हणून पूर्वी कधीतरी प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होईल असं करून ठेवलं होतं, ते तसंच चालू होतं. तिचं आणि आईचं आजवरचं प्रत्येक बोलणं त्या फोनमध्ये तारीखवार साठलेलं होतं. मी कामात असताना जे हुकलं असेल तेसुद्धा. मी यादीवर बोट न ठेवता फोन तिच्या हातात दिला. काय आहे ते सांगितलं. ठेवायचं की पुसायचं ते तुझं तू ठरव, आणि रेकॉर्डिंग कुठून बंद होतं ते हे बघ. तिनं बटण स्वतः बंद केलं. यादी तिनं पुसली नाही. आईचा आवाज आहे त्यात, म्हणाली. मग स्क्रीनला नवीन पॅटर्न घाल म्हणाले, आणि ती घालत असताना भिंतीकडे तोंड करून बसले.

भिंतीकडे बघतच मी बोलले, कारण तिच्याकडे बघून मला जमलं नसतं.

"मला कानडी येतं. पहिल्या दिवसापासून मी सगळं ऐकलंय. तुझा फोनही मला तेव्हाच नीट करता आला असता. चुकलं माझं."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. जाऊ द्या आत्या, असं ती म्हणाली नाही. मला ती तसं म्हणेल अशी आशा होती. म्हणाली नाही तेच बरोबर होतं.

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा ती तो कानाला लावून गच्चीवर गेली. मी खाली भाकऱ्या थापल्या. कित्येक महिन्यांनी थापत होते, एकही गोल झाली नाही. वरून काही ऐकू येत नव्हतं. सुरुवातीला मी कान दिला, खोटं कशाला सांगू. मग स्वतःचाच राग आला आणि कढईत कालथा जोरजोरात आपटत राहिले. ती पाऊण तासानं खाली आली. डोळे सुजलेले होते, पण चाल हलकी होती. वाकड्या भाकऱ्या तशाच ताटात घेऊन जेवायला वाढायला लागली.

आता उरले तीन दिवस. ह्या तीन दिवसांत मी जितकी जीभ आवरली तितकी जन्मात आवरली नसेल. मला तारीख माहीत होती, पण चोरून माहीत होती. त्या माहितीवर उठून, जा बाई शीक, असं मोठेपणानं म्हणायचा मला हक्क नव्हता. तिनं मागण्याआधी मीच दिलं असतं, तर तेही माझंच औदार्य झालं असतं आणि पुढं जन्मभर मी ते मिरवलं असतं. मी स्वतःला चांगली ओळखते. बुधवार, गुरुवार तसेच गेले. शुक्रवारी दुपारपर्यंतही ती काही बोलली नाही. तिनं विचारलंच नाही तर? माझ्या गप्प बसण्यानं तिचं वर्ष जायचं, आधी एका कारणानं आणि आता दुसऱ्यानं. संध्याकाळपर्यंत थांबायचं आणि मग हक्क असो नसो, बोलायचं, असं मी ठरवलं.

चारच्या चहाला ती माझ्यासमोर येऊन बसली. कप खाली ठेवला.

"आत्या, मला शेवटचं वर्ष पुरं करायचंय. उद्या शेवटची तारीख हाय. तुमाला ठाऊकच हाय ते."

"ठाऊक होतं," मी म्हणाले. "पण तू आत्ता सांगितलंस."

"मग काय म्हणता?"

मी म्हणाले, बैठकीत तुझ्या वडिलांना मी बघू म्हणाले होते, ते माझं खोटं होतं. सकाळी नऊला निघू, कागद आत्ताच काढून ठेव. तिनं तोंडाला पदर लावला आणि रडायला लागली, आणि मग मलाही आवरेना. चहा गार झाला. रात्री मुलानं विचारलं, की मग स्वयंपाकाचं कसं. त्याला मी जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आता तो कारखान्यातून येताना भाजी आणतो आणि आठवड्यातून दोनदा कुकरही लावतो.

ती आता शेवटच्या वर्षाला आहे, सकाळी सहाला हॉस्पिटलात ड्यूटीला जाते. दिवसभर घर रिकामं असतं, ते मला लागतं, पण गल्लीतले फोन येतात आणि दिवस निघतो. संध्याकाळी आईचा फोन आला की ती गच्चीवर जाते आणि जाताना जिन्याचं दार लावून घेते. परवा समोरच्या वहिनी चार्जर दाखवायला आल्या होत्या. वरून तिच्या हसण्याचा आवाज आला, मोठ्यानं, पुन्हा पुन्हा. वहिनींनी माझ्याकडे झुकून विचारलं, इतका वेळ काय सांगत असती हो आईला? तुमाला तर समदं ठाऊक असतंय की.

मला काहीच ठाऊक नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते अगदी खरं होतं, आणि सांगताना मला फार बरं वाटलं.